नाव कोण ठेवतं? पोथीपासून ई-रीडरपर्यंत

(वरवट बकाल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इतिहासाच्या व्याख्यानात ई-रीडर कुठून आला, असं काही जणांच्या मनात असेल. सांगतो. पण सुरुवात तुमच्या गावापासून करू.

वरवट बकाल. यातला दुसरा शब्द घ्या. 'बकाल' हा अरबी शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. अर्थ वाणी, किराणा विकणारा. जुन्या मराठीत तो याच अर्थानं येतो. आज पुण्या-मुंबईचा माणूस मात्र 'बकाल' म्हटलं की कळा गेलेली वस्ती समजतो आणि तुमच्या गावाचं नाव ऐकून जरा चपापतो. (हशा) तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही, कारण तुम्ही ते नाव रोज वापरता. नावाचा अर्थ कोशात एक असतो आणि वापरणाऱ्याच्या तोंडी दुसरा. शेवटी टिकतो तो वापरणाऱ्याचा. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

आता ई-रीडर. एका सेवानिवृत्त शिक्षिका ताईंना त्यांच्या मुलानं ई-रीडर पाठवला. चष्म्याचा नंबर वाढलाय, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणून. त्यांनी मला विचारलं, "सर, याला एखादं लाडाचं नाव ठेवायचं आहे. काय ठेवू?" शेजारचे गृहस्थ हसले. म्हणाले, यंत्राला कसलं आलंय नाव! मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचाच फरक आहे, तो त्यांनी लगेच करून दाखवला.

पण मला विचाराल तर ताईंचा प्रश्न आपल्या परंपरेतलाच होता. आपल्याकडे पोळ्याला बैलाला नुसतं 'बैल' कोण म्हणतं? सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या. लाकडी बाहुलीला आपण ठकी म्हटलं. यष्टीची लाल गाडी 'लालपरी' झाली, आणि हे नाव महामंडळाच्या कुठल्या फायलीतून खाली आलेलं नाही, रस्त्यावरून वर गेलं. आपल्या वऱ्हाडातलं सगळ्यांत गोड उदाहरण म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी. मालकी इंग्रजी कंपनीची, सगळा खटाटोप कापसासाठी. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं. कंपनीच्या कागदावर तिचं नाव 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे'. लोक काय म्हणत? शकुंतला. कंपनीचं नाव आज कुणाला आठवत नाही. शकुंतला मात्र बंद पडल्यावरही लोक तिच्याबद्दल घरच्या बाईसारखं बोलतात.

म्हणजे यंत्राला नाव देणं आपल्याला नवीन नाही. वाचायच्या वस्तूला नाव देणं तर त्याहून जुनं.

ज्ञानेश्वरीच घ्या. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, नेवासे. परंपरेनं ग्रंथाचं नाव 'भावार्थदीपिका'. गीतेचा भावार्थ दाखवणारी छोटी दिवटी. नाव सुंदर आहे, नेमकं आहे, विद्वानाला शोभेल असं आहे. पण आपल्यापैकी किती जणांच्या घरी 'भावार्थदीपिका' आहे? हात वर करा बरं. आणि ज्ञानेश्वरी? बघा. नामदेवांच्या नावावरच्या अभंगात तिला 'ज्ञानदेवी' म्हटलंय. पुढे ती ज्ञानेश्वरी झाली, आणि वारकऱ्याच्या तोंडी तर सरळ माउली. ज्ञानदेवही माउली आणि पोथीही माउली. कर्ता आणि पुस्तक यांत फरकच ठेवला नाही. पोथी रेशमी वस्त्रात गुंडाळायची, उशाला घ्यायची नाही, जमिनीवर ठेवायची नाही. हे सगळे नियम आईबद्दलचे वाटतात, वस्तूबद्दलचे नाही.

इथे एक गंमत लक्षात घ्या. लाडाची नावं बहुतेक स्त्रीलिंगी आहेत. ज्ञानेश्वरी, माउली, शकुंतला, लालपरी, दख्खनची राणी. आदराची नावं मात्र पुल्लिंगी निघतात. दासबोधाला 'ग्रंथराज' म्हणतात. दोनशे समासांचा ग्रंथ, वीस दशकांत बांधलेला, शिस्तीचा. त्याला राजा म्हणणंच बरोबर. त्याला कुणी माउली म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आता शेगाव तुमच्या उशाशीच आहे. दासगणूंचा 'श्रीगजानन विजय' एकवीस अध्यायांचा. पारायणाला बसलेली बाई म्हणते, "पोथी लावली आहे." पोथी! पुस्तक छापील, बांधणी पुठ्ठ्याची, पानं शिवलेली. पोथी म्हणजे खरं तर सुटी आडवी पानं, वर-खाली लाकडी फळ्या. वस्तू बदलली, पण जिव्हाळ्याचं नाव तेच राहिलं.

तुमच्या जिल्ह्यातली आणखी एक परंपरा इथे सांगायलाच हवी. चक्रधरस्वामी मेहकर-लोणार भागात येऊन गेले. त्यांच्या आठवणींचा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ म्हाइंभटांनी रिद्धपूरला तयार केला. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवले. त्या लिप्यांची नावं ऐका. एक सकळ, एक सुंदरी. लिपी गुप्त ठेवायची, म्हणजे कुलूप लावायचं, आणि कुलपाचं नाव सुंदरी! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांच्या खटपटीनं हे कुलूप उघडलं, तोवर शेकडो वर्षं ती बाडं मठांतच होती. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत गेली आणि शिष्यांनी पाठ असलेल्या लीळांवरून ती पुन्हा बांधली, असं परंपरा सांगते. प्रत गेली तरी पुस्तक गेलं नाही. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचं आहे.

आता अमेरिकेत जाऊ या.

२००४ च्या सुमारास ॲमेझॉन कंपनीनं वाचनाचं यंत्र बनवायला घेतलं. काम गुप्त, म्हणून त्याला एक टोपणनाव दिलं. फिओना. हे नाव आलं नील स्टीफन्सन या लेखकाच्या १९९५ सालच्या 'द डायमंड एज' या कादंबरीतून. कादंबरीत एक अभियंता एक विलक्षण पुस्तक बनवतो. वाचणाऱ्या मुलीला ओळखणारं, तिच्याशी बोलणारं, तिला वाढवणारं पुस्तक. ते एका बड्या घरच्या मुलीसाठी असतं. पण हा बाप आपल्या स्वतःच्या लेकीसाठी त्याची एक चोरटी प्रत काढतो. त्या लेकीचं नाव फिओना. म्हणजे बघा, या यंत्राचं पाळण्यातलं नाव कुणाचं, तर जिच्यासाठी बापानं चोरून प्रत काढली त्या मुलीचं.

यंत्र तयार व्हायला आलं तेव्हा बाजारात काय नावानं आणायचं हा प्रश्न आला. मायकेल क्रोनन या नाव-रचनाकाराला काम दिलं. त्यानं सुचवलं 'किंडल'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पेटवणं, चेतवणं. मूळ जुन्या नॉर्स भाषेत, तिथे त्या शब्दाचा अर्थ मेणबत्ती, दिवटी. मंडळी, दिवटी! सातशे वर्षांपूर्वी नेवाशात जी प्रतिमा ग्रंथाच्या नावात आली, तीच अमेरिकेत एका जाहिरातवाल्याला सुचली. दीपिका. यात कुणी कुणाचं उचललं असं मला मुळीच म्हणायचं नाही. वाचन आणि उजेड यांचं नातं कुठल्याही माणसाला सुचेल असंच आहे.

खरी गोष्ट पुढे आहे. ज्यांनी ते यंत्र घडवलं त्या मंडळींचा तोवर 'फिओना'वर जीव जडला होता. त्यांनी मालकांना, जेफ बेझोस यांना गळ घातली की हेच नाव राहू द्या. मालकांनी ऐकलं नाही. १९ नोव्हेंबर २००७ ला किंडल बाजारात आलं. किंमत ३९९ डॉलर, साडेपाच तासांत सगळा साठा संपला. पण फिओना पुरती गेली नाही. पुढे कित्येक वर्षं, आपली पुस्तकं सांभाळायचं जे पान ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर होतं, त्याच्या पत्त्यात 'फिओना' हा शब्द तसाच होता. कितीतरी लोक त्या पत्त्यावरून गेले. बारशाचं नाव किंडल, आणि घरातलं नाव उंबरठ्याच्या आत. आपल्याकडे असंच असतं. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आजीच्या तोंडी एक.

बाकीच्या कंपन्यांची नावं पटकन सांगतो. 'नूक' म्हणजे कोपरा, वाचायला बसायचा. 'कोबो' म्हणजे इंग्रजी 'बुक' या शब्दाची अक्षरं उलटसुलट केलेली. आपल्याकडे अहमदाबादच्या इन्फीबीम कंपनीनं २०१० साली ई-रीडर आणला. त्याचं नाव 'पाय'. गणितातला पाय. आता सांगा, आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तर आपण पुस्तक उचलून कपाळाला लावतो. आणि यांनी पुस्तकाच्या यंत्राचं नावच पाय ठेवलं. (हशा) तो ई-रीडर फार चालला नाही. नावामुळेच, असा माझा दावा नाही. पण मराठी माणसाला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मराठी पुस्तकं किंडलवर अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये. हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर. त्याच्या आधी मराठी माणसं पीडीएफ घालून, डोळे बारीक करून वाचत होती.

मग ताईंच्या यंत्राला नाव काय? मी त्यांना तीन-चार नावं सुचवली.

पहिलं 'गुटका'. दचकू नका. गुटका म्हणजे खिशात मावेल एवढं पुस्तक. वारकऱ्याच्या बंडीच्या खिशात हरिपाठाचा गुटका असायचा. आकार बघितला तर ई-रीडरला याहून चपखल नाव नाही. पण तंबाखूवाल्यांनी शब्द पळवला आणि २०१२ साली सरकारनं त्यावर बंदी घातली. म्हणजे "माझा गुटका कुठे गेला?" असं ताई गाडीत मोठ्यानं म्हणाल्या, तर पुस्तक शोधायच्या आधी पोलीस यायचे. (हशा) चांगला शब्द गेला, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं 'पाटी'. हे मला फार आवडतं. काळी दगडी पाटी, लाकडी चौकट. दसऱ्याला तिच्यावर एक-एकचे आकडे जोडून सरस्वती काढायची आणि पूजा करायची. ई-रीडरचा पडदा मोबाइलसारखा नाही. त्यात केसाच्या जाडीच्या सूक्ष्म कुप्या असतात, कुपीत काळे आणि पांढरे कण. विजेचा इशारा मिळाला की कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही. पुसेपर्यंत राहतं. म्हणजे पाटीच की.

तिसरं नाव 'भिजकी वही'. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तुकोबा तेरा दिवस काठावर बसले, आणि वह्या तरल्या अशी कथा. देहूची भिजकी वही म्हणून प्रत दाखवली जाते. अरुण कोलटकरांनी आपल्या संग्रहाला हेच नाव दिलं, त्याला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आता काही नवे ई-रीडर पाण्यात पडले तरी चालतात. कंपनी सांगते, गोड्या पाण्यात, दोन मीटर खोल, साठ मिनिटं. तुकोबांची वही तेरा दिवस. (हशा, टाळ्या)

हसलात, पण इथेच मला थांबायचं आहे. वही नदीत बुडाली तरी अभंग का राहिले? श्रद्धाळू माणूस म्हणेल, पांडुरंगानं राखले. त्याच्याशी मी वाद घालणार नाही. इतिहासाचा माणूस आणखी एक गोष्ट सांगेल. अभंग लोकांना पाठ होते, आणि लोकांनी ते उतरवून घेतले होते. संताजी जगनाड्यांची वही होती. तळेगावच्या घराण्यात ती राहिली आणि भाव्यांनी १९१९ मध्ये तिच्यावरून गाथा छापायला घेतली. त्याआधी १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या पैशानं इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला भाग निघाला, तोही देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या हस्तलिखितांच्या आधारे. एक प्रत नदीत, बाकीच्या घराघरांत. लीळाचरित्राचंही तेच.

आता ई-रीडरकडे बघा. जुलै २००९. अमेरिकेत अनेक लोकांनी जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीची एक आवृत्ती किंडलवर पैसे देऊन घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असं लक्षात आलं, आणि कंपनीनं ती लोकांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकली. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलं. पुस्तक कुठलं? ज्यात सरकार जुनी कागदपत्रं नाहीशी करतं, ते. बेझोस यांनी पुढे जाहीर माफी मागितली, काय केलं ते मूर्खपणाचं होतं असं स्वतःच म्हटलं. पण करता येतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. अलीकडची गोष्ट, २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलचं घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेनं यंत्रात घालायची सोय कंपनीनं बंद केली. अटी वाचल्या तर तिथे लिहिलेलंच आहे की पुस्तक विकलेलं नाही, वापराचा परवाना दिलेला आहे.

म्हणून नावाचा प्रश्न मला लाडाकोडाचा वाटत नाही. आपण नाव कशाला देतो? जे आपलं आहे त्याला. बैल आपला, बाहुली आपली. शकुंतला कागदोपत्री इंग्रज कंपनीची होती, तरी लोकांनी नाव देऊन ती आपली केली. पण रूळ कुणाचे, गाडी कधी बंद करायची, हे नाव ठेवणाऱ्यांच्या हातात नव्हतं, आणि ती बंद झालीच. ई-रीडरचं तसंच आहे. नवीन यंत्र सुरू केलं की कंपनी आपणहून त्याला नाव देते, अमुकचं किंडल. दुसरं घेतलं तर अमुकचं दुसरं किंडल. सेटिंगमध्ये जाऊन ते बदलता येतं. तिथे तुम्ही 'माउली' लिहा, 'पाटी' लिहा, कंपनी अडवत नाही. यंत्र तुमचंच आहे. आतली ज्ञानेश्वरी तुमची आहे का, एवढंच विचारायचं.

आजीची पोथी नातीला मिळते. पहिल्या पानावर तीन पिढ्यांची नावं, कडेला हळदीचा डाग, एखादं वाळलेलं तुळशीचं पान. परवाना नातीला मिळत नाही. काही घरांत आई गेल्यावर मुलं तिच्या ई-रीडरचा पासवर्ड शोधत बसतात. पोथीला पासवर्ड नव्हता. होता, तो सुंदरी लिपीचा, पण तो निदान मठात कुणाला तरी ठाऊक होता.

मग ई-रीडर वापरूच नये का? असं मी म्हणणार नाही. ताईंचे डोळे, मोठं अक्षर, शहरातल्या दुकानापर्यंत न जाता मिळणारं पुस्तक, हे सगळं खरं आहे. हक्क संपलेली जुनी पुस्तकं मोकळी मिळतात. ती फाइल तुमच्या संगणकावर ठेवा, पेनड्राइव्हवर ठेवा, शेजाऱ्याला द्या. ती कुणी परस्पर काढून नेऊ शकत नाही.

आणि म्हणून मी ताईंना चौथं नाव सुचवलं. 'बाड'. नाव काही नाजूक नाही, मान्य आहे. पण बाड म्हणजे काय? जुन्या काळी माणूस शिवलेली वही घ्यायचा आणि जे आवडलं ते तिच्यात उतरवायचा. चार अभंग तुकोबांचे, दोन एकनाथांचे, एखादी आरती, मध्येच औषधाचा काढा, उसनवारीचा हिशेब. शंकर श्रीकृष्ण देवांनी धुळ्याला मठामठांतून अशी बाडं गोळा केली नसती तर रामदासी वाङ्मयाचा कितीतरी भाग आज आपल्याला वाचायला मिळाला नसता. बाडातला मजकूर दुसऱ्याचा, निवड मात्र उतरवणाऱ्याची.

ई-रीडरमध्येही असं एक बाड असतं, बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. तुम्ही वाचताना ज्या ओळींवर बोट फिरवून खूण करता, ज्या टिपा लिहिता, त्या किंडलमध्ये 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या एका साध्या फाइलमध्ये साठत जातात. यंत्र तारेनं संगणकाला जोडा, ती फाइल दिसते. ती उतरवून घेता येते, छापता येते, नातीला देता येते. किती उतारा घेता येईल यावर प्रकाशक मर्यादा घालतो, पण तुमच्या टिपा तुमच्याच. एवढ्या मोठ्या यंत्रात वाचणाऱ्यानं स्वतः लिहिलेलं जे काही असतं, ते तिथे असतं. दर दिवाळीच्या सफाईत ती फाइल एकदा बाहेर काढून ठेवा, आणि वर तारीख घाला. जुन्या बाडांवर शके आणि तिथी असायची, म्हणून तर आम्हा लोकांचं पोट चालतं. (हशा)

ताईंनी 'बाड' ऐकून नाक मुरडलं आणि 'बाडी' केलं. बघा, स्त्रीलिंगी झालंच.

माझी वेळ संपली आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर घेऊ या. मागच्या रांगेतले दादा बराच वेळ हात वर करून बसले आहेत, त्यांना आधी माइक द्या.